सिसलॉग फाईल शून्य बाईट, पण आरसिसलॉग म्हणतो मी चालूच आहे

शून्यबाईट:
मंडळी जरा बघा ना, दोन दिवस यातच अडकलोय. उबंटू २२.०४ आहे, मशीन चोवीस तास चालू असतं. परवा रात्री ते गोठलं, म्हणजे स्क्रीन तशीच, माउस हलेना, बाहेरून एसएसएच लागेना, शेवटी पॉवर बटण दाबून धरलं. सकाळी म्हटलं लॉगमध्ये बघू काय झालं ते, तर /व्हार/लॉग/सिसलॉग (सिस्टमचे मेसेज जमा होतात ती फाईल) उघडली आणि ती रिकामी! शून्य बाईट. आधी वाटलं हँगमुळे उडाली असेल पण आता मशीन मस्त चालू आहे तरी तीत एक ओळ येत नाहीये. आरसिसलॉग, म्हणजे तीत ओळी लिहिणारी सर्व्हिस, रीस्टार्ट केली, मशीन रीबूट केलं, पॅकेज रीइन्स्टॉल केलं, ढिम्म. सिस्टमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग मारलं की हिरव्या अक्षरात ॲक्टिव्ह, रनिंग असं छान दिसतं. मग लिहीत का नाही? डिमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) चालू आहे आणि काम करत नाही हे कसं काय?

घाईगडबड:
परमिशनचा घोळ आहे. सुडो चमोड -आर ७७७ /व्हार/लॉग मार, रीस्टार्ट कर, विषय संपला.

पेंग्विनताई:
@शून्यबाईट, वरचं अजिबात करू नकोस. लॉग फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, दिलंस तर मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम लॉग पुसू शकतो, बदलू शकतो, मग त्या लॉगला अर्थ काय राहिला. शिवाय काही डिस्ट्रोवर लॉगरोटेट (जुन्या लॉग फाईली बाजूला सारून नवीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अशा फोल्डरला हातच लावत नाही, इनसिक्युअर परमिशन्स म्हणतो आणि पुढे जातो, मग महिनाभराने डिस्क भरली की परत इथेच येशील.

आधी माहिती दे. ऑथ.लॉग (लॉगिनच्या नोंदी) आणि कर्न.लॉग (सिस्टमचा गाभा म्हणजे कर्नल, त्याचे मेसेज) यांमध्ये ओळी येतायत का? एलएस -एल मारून या तीन फाईलींच्या ओळी जशाच्या तशा टाक. आणि स्टेटसचं आऊटपुट पूर्ण टाक, फक्त हिरवी ओळ नको. स्टेटसमध्ये खाली ज्या आठ-दहा ओळी असतात ना, खरं दुखणं नेहमी तिथे असतं आणि लोक नेमक्या त्याच कापून टाकतात.

घाईगडबड:
माझ्याकडे तर चाललं होतं बुवा.

शून्यबाईट:
ताई धन्यवाद, ७७७ केलं नाहीये (करणारच होतो, खरं सांगतो). ऑथ.लॉगमध्ये ओळी येतायत, कर्न.लॉगमध्ये पण येतायत. फक्त सिसलॉगच मेलीय. हे घ्या एलएस:

-आरडब्ल्यू-आर-----  सिसलॉग  ॲडम  ऑथ.लॉग
-आरडब्ल्यू-आर-----  सिसलॉग  ॲडम  कर्न.लॉग
-आरडब्ल्यू-आर--आर--  रूट  रूट  सिसलॉग

आणि स्टेटसच्या खाली खरंच काहीतरी आहे, मी बघितलंच नव्हतं. फाईल /व्हार/लॉग/सिसलॉग, ओपन एरर, परमिशन डिनाईड. त्याखाली ॲक्शन काहीतरी बिल्टइन ओएमफाईल सस्पेंडेड आणि शेवटी २००७ असा आकडा.

रात्रपाळी:
झालं, सापडलं. तिसरी ओळ बघ तुझीच. वरच्या दोन फाईलींचा मालक सिसलॉग नावाचा युजर आहे, ग्रुप ॲडम. तिसरीचा मालक रूट. उबंटूवर आरसिसलॉग सुरू होताना रूट असतो पण लगेच अधिकार सोडतो आणि सिसलॉग या साध्या युजरच्या नावाने चालतो. रूटच्या मालकीची ६४४ ची फाईल तो वाचू शकतो, लिहू शकत नाही. मग तो बिचारा काय करतो, तेवढी एक ॲक्शन सस्पेंड करून ठेवतो आणि बाकीच्या फाईलींचं काम चालू ठेवतो. म्हणून स्टेटस हिरवा. प्रोसेस जिवंत आहे एवढंच तो हिरवा रंग सांगतो, काम होतंय की नाही ते नाही.

आता प्रश्न असा की ही फाईल रूटची झाली कशी. आरसिसलॉगने स्वतः बनवली असती तर सिसलॉग आणि ॲडमच असती, कॉन्फिगमध्येच तसं लिहिलेलं असतं. म्हणजे कोणीतरी हाताने बनवलीय. आठवतंय का काही?

शून्यबाईट:
अरे देवा. हो. मीच.

पाच दिवसांपूर्वी डिस्क फुल झाली होती, १०० जीबीचं रूट पार्टिशन १०० टक्के. शोधल्यावर कळलं सिसलॉग २२ जीबी आणि कर्न.लॉग २१ जीबी. दोन्ही सरळ आरएम केल्या, म्हणजे उडवल्या. पण गंमत म्हणजे डीएफमध्ये जागा काही सुटलीच नाही, तेवढीच भरलेली. मग माझी एक स्क्रिप्ट आहे ती सिसलॉग वाचते, फाईल नाही म्हणून ती बोंबलायला लागली, म्हणून सुडो टच करून रिकामी फाईल बनवली. मग रीबूट केलं, जागा सुटली, म्हटलं चला झालं, आणि विसरून गेलो. हे त्यामुळे झालं म्हणताय?

रात्रपाळी:
शंभर टक्के त्यामुळे. दोन्ही फाईली उडवल्यास, पण टच फक्त सिसलॉगला केलंस. रीबूटनंतर कर्न.लॉग नव्हती, ती आरसिसलॉगने स्वतः बनवली, नीट. सिसलॉग मात्र तू आधीच रूटच्या नावाने आणून ठेवली होतीस, ती त्याला उघडता येईना. म्हणून एक जिवंत आणि एक मेलेली. आणि हे आपोआप बरंही झालं नसतं, कारण उबंटूच्या लॉगरोटेट कॉन्फिगमध्ये नॉटइफएम्प्टी असतं, रिकामी फाईल तो फिरवतच नाही. फिरवली असती तरी मुख्य कॉन्फिगमधल्या क्रिएटमुळे नवीन फाईल जुनीच्याच मालकाची, म्हणजे परत रूटचीच झाली असती.

उपाय सोपा. ती शून्य बाईटवाली उडव आणि आरसिसलॉग रीस्टार्ट कर, बस. हाताने काही बनवू नकोस, त्याची फाईल त्यालाच बनवू दे. मग लॉगर चाचणी एक दोन तीन अशी कमांड मार आणि टेल करून बघ, शेवटी तुझी ओळ दिसली पाहिजे. लॉगर ही छोटीशी कमांड लोकांना माहीतच नसते, लॉगिंग चालू आहे का बघायला यापेक्षा साधं काही नाही. (फोनवरून लिहितोय म्हणून कमांडी बोलतो तशा देवनागरीत, टर्मिनलमध्ये इंग्रजीत टाक.)

शून्यबाईट:
आली!! चाचणी एक दोन तीन दिसतंय. मालक पण सिसलॉग आणि ॲडम. दादा, ताई, दोघांचे आभार. पण एक कळलं नाही, आरएम केल्यावर जागा का सुटली नव्हती?

जुनंखोड:
कारण लिनक्समध्ये आरएम फाईल पुसत नाही, फक्त नाव पुसतं. ज्या प्रोसेसने ती उघडून ठेवलीय तिच्या हातात फाईल तशीच असते आणि ती त्यात लिहीतही राहते, आपल्याला दिसत नाही एवढंच. आरसिसलॉग दिवसभर त्या बिननावाच्या फाईलीत लिहीत बसला असणार तुझ्याकडे. डीएफ सांगतो डिस्कवर किती भरलंय, डीयू सांगतो नावं असलेल्या फाईली किती, दोघांचा हिशोब जुळेना की समजायचं कोणाच्या तरी मुठीत पुसलेली फाईल आहे. एलएसओएफ +एल१ मारलं की अशा सगळ्या दिसतात, शेवटी डिलीटेड लिहिलेलं असतं.

वाढती लॉग फाईल तातडीने रिकामी करायची तर आरएम नाही, ट्रंकेट -एस ०. नाव तेच, मालक तोच, परमिशन तीच, आतला मजकूर गेला. आरसिसलॉग फाईलीच्या शेवटी जोडत जातो त्यामुळे ट्रंकेट केल्यावर पहिल्या बाईटपासून नीट सुरू होतो. आणि चुकून आरएम केलंच असेल आणि आतलं काही हवं असेल तर रीस्टार्ट करण्याआधी /प्रॉक मध्ये त्या प्रोसेसच्या नंबरखाली एफडी नावाचं फोल्डर असतं, तिथून सीपीने फाईल परत बाहेर काढता येते. मी दोनदा अब्रू वाचवलीय अशी. रीस्टार्ट मारलं की मात्र गेलं ते गेलंच.

पेंग्विनताई:
सगळे खुश झालेत पण मूळ प्रश्न तसाच आहे की. २२ जीबीची सिसलॉग झाली कशी? आणि त्याच आकाराची कर्न.लॉग? दोन्ही जवळपास सारख्या याचा अर्थ दोन्हीत तेच तेच लिहिलं जातंय, कर्नलचे मेसेज दोन्हीकडे जातात. म्हणजे कर्नलच काहीतरी ओरडतंय. @शून्यबाईट, आज कर्न.लॉग किती झालीय ते बघ आणि शेवटच्या पाच-सहा ओळी टाक. आणि लवकर बघ, आता सिसलॉग परत चालू झालीय म्हणजे डिस्क दुप्पट वेगाने भरणार.

शून्यबाईट:
ताई तुम्ही म्हणालात म्हणून बघितलं आणि घाम फुटला. कर्न.लॉग १४ जीबी. पाच दिवसांत! टेलमध्ये हेच परत परत:

पीसीआयईपोर्ट ००००:००:१सी.५, एईआर, करेक्टेड एरर रिसीव्हड
पीसीआयई बस एरर, सिव्हिअरिटी करेक्टेड, टाईप फिजिकल लेयर, रिसीव्हर आयडी
एरर स्टेटस वगैरे
[ ०] आरएक्सएर

चार ओळींचा एक गुच्छ, टेल -एफ लावलं तर वाचताच येत नाही, धबधबा नुसता. जर्नलसीटीएल (सर्व्हिसेस चालवणारा सिस्टमडी स्वतःचा वेगळा लॉग ठेवतो, ते जर्नल दाखवणारी कमांड) -के सिन्स एक मिनिट असं करून डब्ल्यूसी -एल ने मोजलं तर मिनिटाला १९ हजार आठशेच्या वर ओळी.

रात्रपाळी:
म्हणजे सेकंदाला ३३० ओळी. बरोबर, तेवढ्यात दिवसाला तीनेक जीबी सहज होतात. एईआर म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची चुका कळवायची सोय. करेक्टेड म्हणजे हार्डवेअरने चूक स्वतःच दुरुस्त केली, डेटा गेला नाही, पण प्रत्येक वेळी सांगत सुटलंय. फिजिकल लेयर आणि आरएक्सएर म्हणजे तारेवरचा सिग्नलच खराब येतोय. हा पोर्ट कशाला जोडलाय ते एलएसपीसीआय -टीव्ही मध्ये झाडासारखं दिसेल, १सी.५ च्या फांदीला काय लटकलंय बघ.

घाईगडबड:
ग्रबमध्ये (लिनक्स बूट करणारा प्रोग्रॅम) पीसीआय=नोएईआर टाक, एकदम शांत. हे मात्र खरंच चालतं, मी वापरतो.

पेंग्विनताई:
चालतं, नाही म्हणत नाही. पण त्याने चुका थांबत नाहीत, कळवणं थांबतं. आणि याचं मशीन रात्री गोठलं होतं हे विसरलात का? तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधण्याआधी तक्रार ऐकून तरी घ्या.

शून्यबाईट:
फांदीला वायफाय कार्ड आहे. आणि आता सांगायला लाज वाटतेय पण हे कार्ड नवीन आहे, डिस्क पहिल्यांदा भरली त्याच्या आठवडाभर आधी मीच बदललं होतं.

रात्रपाळी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये असायला हवं होतं राजा. असो, सगळ्यांचं असंच होतं, हार्डवेअर बदलल्याचं लॉगशी काही नातं असेल असं कोणाच्या मनात येतं.

आता गोठण्याचं बघू. जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स मार, गोठला तो बूट दिसतोय का. दिसत असेल तर जर्नलसीटीएल -बी -१ -ई म्हणजे आधीच्या बूटचा शेवट (मधे आणखी रीबूट केले असशील तर -२, -३ असं मागे जा).

शून्यबाईट:
लिस्टमध्ये फक्त आत्ताचा बूट. जर्नल सुरूच होतंय काल रात्रीपासून. मला वाटायचं जर्नलडी (जर्नल लिहिणारी सर्व्हिस) सगळं जपून ठेवतो? डिस्क-युसेज ४ जीबी दाखवतंय.

पेंग्विनताई:
४ जीबी म्हणजे त्याची कमाल मर्यादाच. काही सांगितलं नसेल तर जर्नलडी फाईल सिस्टमच्या १० टक्के जागा घेतो पण ४ जीबीच्या वर जात नाही, भरलं की जुनं टाकून देतो. सेकंदाला ३३० नोंदी आल्या तर ४ जीबीत एक दिवससुद्धा बसत नाही. तुझ्या एईआरने बाकी सगळ्याला ढकलून बाहेर काढलंय. लोकांना वाटतं जर्नलडीला रेट लिमिट आहे, ३० सेकंदांत १० हजार मेसेज, मग पूर येईलच कसा. पण ती मर्यादा एकेका सर्व्हिसला असते, कर्नलच्या मेसेजना लागतच नाही.

तुझ्या नशिबाने कर्न.लॉग अजून आहे. ती १४ जीबी रागाने उडवू नकोस, आधी ग्रेप -व्ही ने एईआर, पीसीआयई आणि आरएक्सएरच्या ओळी गाळून उरलेलं वेगळ्या फाईलीत काढ आणि परवा रात्रीची वेळ बघ.

शून्यबाईट:
ग्रेप केलं तर मधेच बायनरी फाईल मॅचेस म्हणून थांबतंय. फाईल करप्ट झाली का आता?

जुनंखोड:
नाही नाही. पॉवर बटण दाबून बंद केलंस ना, तेव्हा फाईलीची लांबी वाढलेली पण आतला मजकूर डिस्कवर पोचलेला नाही असं झालं, त्या जागी शून्यांचा पट्टा राहिला. ग्रेपला शून्य दिसले की तो फाईलीला बायनरी समजतो. ग्रेप -ए लाव, म्हणजे तो मुकाट्याने मजकूर समजून वाचेल. आणि तो शून्यांचा पट्टा जिथे आहे तीच तुझी गोठण्याची जागा, त्याच्या आधीच्या ओळी वाच.

मधेचघुसलो:
मधेच विचारतो माफ करा, माझंही लॉगचंच आहे. डेबियन १२ नव्याने टाकलं तर त्यात सिसलॉग फाईलच नाही, ऑथ.लॉग पण नाही, आणि फेल२बॅन (लॉग वाचून चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) सुरूच होत नाही, म्हणतो एसएसएचडीच्या जेलसाठी लॉग फाईल सापडली नाही. माझ्याकडून कोणीही टच वगैरे केलेलं नाही, शपथ.

पेंग्विनताई:
तुझं बिघडलेलं नाही, तुझ्याकडे आरसिसलॉगच नाही. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, तो आपोआप इन्स्टॉल होत नाही, सगळं फक्त जर्नलमध्ये जातं. दोन रस्ते आहेत. एक, आरसिसलॉग इन्स्टॉल कर, फाईली जुन्यासारख्या येतील, फक्त तारखेचा फॉरमॅट आता लांबडा आहे, आधी वर्ष मग महिना असा, त्यामुळे कट आणि ऑकवाल्या जुन्या स्क्रिप्टी गडबडतील. दोन, फेल२बॅनच्या जेलमध्ये बॅकएंड = सिस्टमडी लिही आणि पायथन३-सिस्टमडी हे पॅकेज आहे का बघ. फक्त फेल२बॅनसाठीच हवं असेल तर मी दुसरा रस्ता घेईन. पुढचं काही असेल तर वेगळा धागा काढ रे, इथे याचं अजून चालू आहे.

मधेचघुसलो:
बॅकएंड बदलला, चालू झालं. पळतो.

शून्यबाईट:
@जुनंखोड काका -ए लावून सापडलं! रात्री २ वाजून १४ मिनिटांनी वायफाय ड्रायव्हरच्या टाईमआऊटच्या सात-आठ ओळी आहेत, मग तुम्ही म्हणता तो शून्यांचा पट्टा आणि मग थेट सकाळचा बूट. मधे काही नाही. म्हणजे कार्डच ना?

रात्रपाळी:
संशय पक्का त्याच्यावर. कोर्टात टिकेल असा पुरावा नाही, पण जिथून चुका येतायत तेच यंत्र शेवटी कण्हलं आणि मशीन गेलं, एवढं पुरे आहे हात घालायला. असं कर, आधी मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून कार्ड बाहेर काढ आणि नीट दाबून परत बसव. निम्म्या वेळा एवढंच असतं. त्याने नाही भागलं तर ग्रबमध्ये पीसीआयई_एएसपीएम=ऑफ टाक, अपडेट-ग्रब, रीबूट. एएसपीएम म्हणजे लिंक रिकामी असली की तिला झोपवून वीज वाचवायची सोय, काही कार्डांना त्या झोपण्या-उठण्यातच अडखळायला होतं. वीज थोडी जास्त खाईल. प्रत्येक बदलानंतर मिनिटाच्या ओळी मोज, एकदम दोन्ही केलंस तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

पुराव्याच्या ओळी बाजूला काढल्यास ना? मग आता कर्न.लॉग आणि सिसलॉग ट्रंकेट कर. आणि या वेळी टच नको.

शून्यबाईट:
टच हा शब्द आता आयुष्यात नाही.

जुनंखोड:
उद्या परत काहीतरी ओरडायला लागलं तर त्याची सोय आत्ताच करून ठेव. लॉगरोटेट दिवसातून एकदा उठतो आणि तुझ्याकडे या फाईली आठवड्याने फिरवतो, मधल्या काळात फाईल कितीही वाढली तरी त्याला सोयरसुतक नाही. कॉन्फिगमध्ये मॅक्ससाईझ १जी टाक, म्हणजे आठवडा झाला नसला तरी १ जीबीच्या वर गेली की फिरवेल. पण तेही तो जागा असेल तेव्हाच, म्हणून सिस्टमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर करून ऑनकॅलेंडर= एकदा रिकामं लिही, खाली ऑनकॅलेंडर=अवरली. रिकामी ओळ विसरलास तर जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही लागू राहतात.

आणि आरसिसलॉगचं कॉन्फिग बदललंस कधी तर आधी आरसिसलॉगडी -एन१ ने तपास, चूक असेल तर ओळ नंबरासकट सांगतो. बदलल्यावर रीस्टार्टच कर, हप सिग्नल पाठवून नवीन कॉन्फिग वाचलं जात नाही, त्याने फक्त फाईली बंद होऊन परत उघडतात. जुन्या सिसलॉगडीत हपने कॉन्फिग वाचलं जायचं म्हणून आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचे हात अजून तिकडेच जातात. तेव्हा तर कॉन्फिगमध्ये टॅबऐवजी स्पेस पडली की ओळ गपचूप बाद व्हायची, एररसुद्धा नाही. अख्खी रात्र घालवलीय मी एका स्पेसपायी.

घाईगडबड:
एवढं सगळं करण्यापेक्षा आरसिसलॉग काढून टाका ना, जर्नल आहेच. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची. किंवा लॉग सरळ दुसऱ्या मशीनवर पाठवा, भरू दे तिकडची डिस्क.

पेंग्विनताई:
पहिल्या अर्ध्याशी एरवी मी सहमत झाले असते, एकट्या मशीनला जर्नल पुरतं. पण याच धाग्यात बघा, जर्नल अर्ध्या दिवसात वाहून गेलं आणि साधी कर्न.लॉग होती म्हणून २ वाजून १४ मिनिटं सापडली. ज्याला फक्त जर्नल ठेवायचंय त्याने निदान सिस्टममॅक्सयूज विचार करून ठरवावं. आणि उबंटूवर /व्हार/लॉग/जर्नल फोल्डर असतं म्हणून ते डिस्कवर टिकतं, ज्या मशीनवर ते फोल्डर नाही आणि स्टोरेज=ऑटो आहे तिथे जर्नल /रन मध्ये म्हणजे मेमरीत असतं, रीबूट झालं की पाटी कोरी.

जुनंखोड:
आणि दुसऱ्या मशीनवर पाठवायचं म्हणशील तर माझा किस्सा ऐक. एका ठिकाणी कामाला होतो, सिस्टमडीच्या आधीची मशीनं, सगळ्यांचे लॉग टीसीपीवरून एका मशीनला जायचे, कॉन्फिगमध्ये पत्त्याच्या आधी दोन ॲट लिहिले की टीसीपी, एक लिहिला की यूडीपी. एके दिवशी ते लॉगचं मशीन पडलं. आम्ही म्हटलं लॉगचंच तर आहे, उद्या बघू. तासाभरात बाकीच्या मशीनांवर लॉगिन होईना. एसएसएच पासवर्ड घेतो आणि तसाच बसून राहतो, सुडो मारलं तर अडकतं. आम्ही नेटवर्क तपासलं, पासवर्डचा सर्व्हर तपासला, नाही नाही ते केलं. शेवटी कळलं, पाठवायची रांग भरली, आरसिसलॉग थांबला, आणि लॉगिन करताना जो तो आधी लॉगमध्ये ओळ लिहायला जातो तो तिथेच ताटकळत उभा. लॉग लिहिता येईना म्हणून दार उघडेना!

तेव्हापासून बाहेर पाठवायच्या ॲक्शनला मी स्वतःची वेगळी रांग देतो, क्यू.टाईप लिंक्डलिस्ट, क्यू.फाईलनेम दिलं की मेमरी भरल्यावर डिस्कवर साठवतो, आणि ॲक्शन.रिझ्यूमरीट्रायकाऊंट -१ म्हणजे कंटाळून सोडून न देता प्रयत्न करत राहतो. क्यू.मॅक्सडिस्कस्पेस पण द्यायचं, नाहीतर साठवून साठवून इकडचीच डिस्क भरेल. आता सिस्टमडीच्या मशीनवर मधे जर्नलडी असतो, तो आरसिसलॉगसाठी थांबून राहत नाही, फॉरवर्डिंग टू सिसलॉग मिस्ड अमुक मेसेजेस असं लिहून पुढे जातो. म्हणजे लॉगिन अडकत नाही पण ओळी गळतात. कुठलं दुखणं हवं ते निवडा.

घाईगडबड:
काका हे मात्र माहीत नव्हतं. रांगेचं लिहून ठेवलं.

शून्यबाईट:
चार दिवसांनी अपडेट देतोय, उशीर झाला सॉरी. कार्ड काढून परत बसवलं, ते खरंच एका बाजूने किंचित उचललेलं होतं, स्क्रू नीट बसलाच नव्हता. त्यानंतर मिनिटाच्या ओळी १९ हजारांवरून चाळीस-पन्नासवर आल्या. रात्रपाळी दादांनी सांगितल्याप्रमाणे एक दिवस तसंच ठेवून मोजलं, मग एएसपीएम ऑफ केलं. आता शून्य. तीन दिवसांत एईआरची एकही ओळ नाही आणि मशीन गोठलं नाही. लॉगरोटेटचा टायमर तासाचा केला (रिकामी ऑनकॅलेंडर विसरलो होतो, लिस्ट-टायमर्स बघून लक्षात आलं).

कर्न.लॉग आता ३०० केबी आहे, आणि पहिल्यांदाच ती वरून खाली वाचून काढली. त्यात एका यूएसबी हबबद्दल रोज पहाटे काहीतरी येतंय, डिस्कनेक्ट आणि लगेच परत कनेक्ट. इतके दिवस एईआरच्या खाली गाडलं गेलं होतं बहुतेक. ते वेगळ्या धाग्यात विचारतो, आणि या वेळी एलएसयूएसबी आणि पूर्ण आऊटपुट आधीच टाकतो.

पेंग्विनताई:
आणि गेल्या महिन्यात काय काय बदललंस तेही टाक.